डचेसचे वारसदार

सोमवार, १ सप्टेंबर २०१४

डॉक्टरनं रक्तदाब पाहिला, पुन्हा पाहिला आणि विचारलं, मनातलं बोलायला घरी कुणी आहे का. म्हटलं, एकोणीस आहेत, पण सगळी धुलाईची मशिनं. तो हसला नाही. म्हणाला, मग लिहीत जा. म्हणून ही वही.

पहिल्याच दिवशी लिहिण्याजोगं काही घडेल अशी अपेक्षा नव्हती, पण घडलं. मला डचेस सापडली.

बेकपची लॉन्ड्री बंद पडल्यापासून मी शर्ट धुवायला टॉडमर्डनला जातो. माझी मशिनं जपायची आहेत, वापरायची नाहीत, हे ज्याला कळत नाही त्याला मी समजावत बसत नाही. पॉलीनला अकरा वर्षं समजावलं. घर सोडताना ती म्हणाली, "घरात वीस-पंचवीस मशिनं, आणि माझे परकर नाक्यावर धुवायला." तेव्हा चौदाच होती. अतिशयोक्ती हा तिचा जुना दोष.

तर मागच्या गल्लीतून गाडीकडे येत होतो. एका स्वयंपाकघराच्या खिडकीतून आवाज आला. घुर्रर्र, मग क्षणभर काही नाही, मग एक हलका ठोका, पुन्हा घुर्रर्र. हा आवाज मी त्रेचाळीस वर्षांत ऐकला नव्हता. पेनाइन डचेस, १९६१ चं मॉडेल, ट्विन-टब. एका बाजूला कपडे घुसळायचं भांडं, दुसऱ्या बाजूला पिळायचं. आमच्या जुन्या मशीनवाल्यांच्या मंडळाला ठाऊक असलेल्या जगात, म्हणजे उत्तर इंग्लंडात कार्लाइल ते डर्बी, अशा तीनच उरल्यात आणि तिन्ही मुक्या आहेत. ही बोलत होती.

दार वाजवलं. ॲप्रन घातलेली एक म्हातारी आली, माझ्या खांद्याला लागेल एवढी.

"काय विकायचंय?"

"काही नाही. तुमच्या मशीनचा आवाज ऐकू आला."

"तक्रार आहे?"

"नाही हो. जवळून ऐकायचाय."

तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "पाय पुसून आत ये. आणि आलाच आहेस तर या चादरीचं ते टोक धर."

मिसेस एनिड सटक्लिफ. वय एकोणनव्वद. सोमवारी दहाच्या आत तिची गल्लीतली दोरी भरलेली असते, त्रेपन्न वर्षं. समोरची शमीम दोरीवरून नजर फिरवते आणि मगच नवऱ्याचा नाश्ता करते. नवीन मशीन भाचीनं, गिलियननं, दोनदा आणलं आणि दोनदा परत नेलं. "बटणं दिसत नाहीत मला त्याची," मिसेस सटक्लिफ म्हणाल्या. "ही मी डोळे मिटून चालवते. गिलियन म्हणते, मावशी, ज्या दिवशी तुझं धुणं तुला होणार नाही, त्या दिवशी तू वृद्धाश्रमात. म्हणून ही चालतेय तोवर मी इथे."

मी सहानुभूतीनं मान हलवली. डोक्यात एकच विचार होता, एकोणनव्वद म्हणजे फार थांबावं लागणार नाही. डॉक्टरनं खरं लिहायला सांगितलंय.

सोमवार, ८ सप्टेंबर

आमच्या मंडळात याला "ओळख वाढवणं" म्हणतात. माणूस जिवंत असताना केक घेऊन जायचं, म्हणजे मेल्यावर नातेवाईक मशीन भंगारात घालण्याआधी आपल्याला फोन करतात. ऐकायला वाईट वाटतं. करायला तितकं वाटत नाही, केक चांगला असला तर.

मी मनुकांचे एकल्स केक नेले. तिच्या डब्यात आधीच अर्धा फ्रूटकेक होता, ब्रँडी घातलेला, माझ्या केकपेक्षा बराच वरचढ. चर्चमधल्या कुणी आणला असेल. लोक उगाच खर्च करतात.

नळ गळत होता, वॉशर बदलून दिला. मग त्यांनी आपण होऊन विषय काढला. इकडे म्हाताऱ्या माणसांची रीतच आहे, घड्याळाच्या, ताटांच्या मागे नावाच्या चिठ्ठ्या चिकटवून ठेवायच्या, म्हणजे आपल्यामागे भांडणं नकोत. मिसेस सटक्लिफनी ड्रॉवरमधून चिठ्ठ्यांचं पाकीट काढलं, एकीवर निळ्या शाईनं माझं नाव लिहिलं, "डेस्मंड", आणि ती डचेसच्या डाव्या अंगाला, कपाटाच्या फटीत हात घालून, चिकटवली.

"झालं तुझं समाधान?"

"मी काही मागितलं नव्हतं हं."

"नाही ना. नुसता कुत्र्यासारखा बघत होतास."

दोन भेटींत काम झालं. मंडळाच्या इतिहासात हा विक्रम असावा.

सोमवार, २२ सप्टेंबर

मिसेस सटक्लिफच्या पन्हळी स्वच्छ झाल्या आहेत. गेल्या आठवड्यात त्यांत गवत उगवलं होतं. विचारलं तर म्हणाल्या, "एक भला माणूस येतो." या गल्लीत अजून माणुसकी शिल्लक आहे, हे पाहून बरं वाटलं.

काल मंडळाची बैठक होती. नायजेल क्रॅब्ट्री नेहमीसारखा सर्वज्ञ चेहरा करून बसला होता. याच्याकडे अकरा मशिनं, त्यांतली तीन खरी, बाकी जोडकाम. पण संपूर्ण धुण्याची फिल्म काढून सभासदांना दाखवतो तेव्हा वाटावं यानंच पाण्याचा शोध लावला. म्हणाला, "टॉडमर्डनकडे एक धागा हाती लागलाय." मी चहा ढवळत राहिलो. याला धागे लागतात, कापड कधी मिळत नाही. नखांत हिरवं शेवाळ होतं त्याच्या. म्हणे बागकाम. नायजेल तिसऱ्या मजल्यावर फ्लॅटमध्ये राहतो.

सोमवार, ६ ऑक्टोबर

आज त्यांनी मला डचेस चालवू दिली.

आधी पांढरे, मग रंगीत, मग त्याच पाण्यात कामाचे कपडे. लाकडी चिमट्यानं कपडा उचलून पिळायच्या भांड्यात टाकायचा, वर रबरी चकती ठेवायची, झाकण दाबायचं. मी चुकलो की त्या माझ्या मनगटावर चिमटा मारतात. तीस वर्षं मी मशिनं दुरुस्त करून पोट भरलं, पण कपडे कुठल्या क्रमानं धुवायचे हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

आमच्या घरी हीच होती. शाळेला सुटी असली की मी तिला पाठ टेकून बसायचो, ती ऊबदार असायची आणि अंगात गुदगुल्या व्हायच्या. आई वरून गाणं म्हणत कपडे टाकायची. चौदा वर्षांचा असताना शाळेतून आलो तर स्वयंपाकघरातल्या लिनोलियमवर एक स्वच्छ चौकोन तेवढा उरला होता. आईनं डचेस भंगारवाल्याला दिली होती, त्याबदल्यात दाराची पायरी घासायचे सहा दगड घेतले होते. आवाज फार करते म्हणे. मी तिच्याशी दोन दिवस बोललो नाही. आई गेली त्या वर्षी पहिलं मशीन घेतलं. यात काही संबंध आहे असं पॉलीनला वाटायचं. पॉलीनला बऱ्याच गोष्टी वाटायच्या.

हे सांगितलं तेव्हा मिसेस सटक्लिफनी साबणाचा हात पुसला आणि म्हणाल्या, "गाणं कोणतं?"

आठवेना. घरी येईपर्यंत आठवेना. याचं मला आज फार वाईट वाटतंय.

सोमवार, १३ ऑक्टोबर

पोहोचलो तर डचेस नुसती गुरगुरत होती, पाणी हलत नव्हतं. चादरी साबणाच्या पाण्यात लोळत होत्या. मिसेस सटक्लिफचा चेहरा पांढरा पडला होता. बोलल्या मात्र एवढंच, "बघ जरा."

पाणी घुसळणारी चकती मधोमध तडकली होती. या चकत्या सत्तरच्या दशकापासून बनत नाहीत. देशात शोधून एक मिळणार नाही. कारण ती एक माझ्याकडे आहे, बिस्किटाच्या डब्यात, वर्तमानपत्रात गुंडाळून, १९९४ पासून.

हे सांगायला तोंड उघडलंच होतं. पण मोटर पाहायला मशीन भिंतीपासून ओढलं आणि मागच्या पत्र्यावर दोन चिठ्ठ्या दिसल्या. निळी शाई, तेच अक्षर. "नायजेल." तिच्या खाली: "केन, बर्नली."

म्हणजे फ्रूटकेक. म्हणजे पन्हळी. मंडळातला बर्नलीचा केन काय करतो कोण जाणे, घड्याळाला किल्ली देत असेल.

मी उठून उभा राहिलो. म्हटलं, "संपली. चकती गेली, आणि ती कुठेही मिळत नाही."

"कुठेच नाही?"

"कुठेच नाही. हवं तर मी घेऊन जातो, जागा मोकळी होईल."

त्या बराच वेळ हात पुसत राहिल्या. "नको. वॉल्टरनं ठेवलीय तिथे, राहू दे तिथेच." वॉल्टर म्हणजे नवरा, एकोणीस वर्षांपूर्वी वारला.

ओल्या चादरी टबात घालून दिल्या आणि निघालो. माझं काही चुकलेलं नाही. एकच वस्तू तिघांना कबूल करणाऱ्या बाईला सुट्या भागांबद्दल तक्रार करायचा हक्क नसतो. रक्तदाब आज पाहणार नाही.

बुधवार, १५ ऑक्टोबर

डबा उघडून पाहिला. चकती आहे. डबा बंद केला.

सोमवार, २० ऑक्टोबर

गेलो नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे. शर्ट टॉडमर्डनला न नेता रॉचडेलला नेले, दुप्पट अंतर. तिथल्या लॉन्ड्रीतल्या मशिनांना आवाजच नाही, काचेतून कपडे मासळीसारखे फिरताना बघत बसायचं. माझ्या हॉलमध्ये कपडे वाळवायचं १९५६ चं विजेचं कपाट आहे, इतकं सुंदर की माझा कोट मी खुर्चीवर टांगतो. एरवी घरी आलो की त्याच्या पितळी मुठीवरून हात फिरवतो. आज नाही फिरवला.

आज सोमवार असल्याचं सारखं लक्षात येत होतं. का, कळत नाही.

मंगळवार, २१ ऑक्टोबर

सकाळी फोन. "डेस्मंड मशीनवाले तुम्हीच ना? मी शमीम. त्यांच्या फोनशेजारी कागदावर तुमचा नंबर आहे."

काल दहा वाजता दोरी रिकामी होती. साडेदहाला शमीम किल्ली घेऊन गेली. मिसेस सटक्लिफ वर न्हाणीत होत्या. आंघोळीच्या टबात चादर हातानं धुताना घसरल्या. तासभर तिथेच पडून होत्या. उजवं मनगट मोडलंय. प्लास्टर घालून संध्याकाळी घरी आणलं.

"मला एक सांगा भाऊ," शमीम म्हणाली, "मी किती वेळा म्हटलं, चादरी माझ्याकडे द्या. त्या म्हणतात, एकदा दुसऱ्याच्या घरी धुणं गेलं की गिलियनला निमित्त मिळेल. आता मिळालंच. पुढच्या सोमवारी ती लेस्टरहून येतेय आणि कौन्सिलची बाई येणार आहे, या घरी एकट्या राहू शकतात का ते बघायला. तुम्ही दुरुस्तीला येणार होता का? त्या खिडकीतून वाट बघत होत्या."

 

बुधवार, २२ ऑक्टोबर

नायजेलला फोन केला. कुणावर तरी ओरडणं गरजेचं होतं. चिठ्ठीचं सांगितलं. तो म्हणाला, "अरे, गुरुवार माझा, सोमवार तुझा, शनिवारी केन. तुला ठाऊक नव्हतं? मी तुझी चिठ्ठी पहिल्याच आठवड्यात पाहिली."

"आणि तरी जात राहिलास?"

"मग? चहा बरा करते ती." पुढे म्हणाला, "डेस, चकती तडकलीय म्हणे. ती हॅलिफॅक्सच्या बंद पडलेल्या दुकानातून माझ्या हातातून तूच खेचून नेली होतीस. ९४ साली."

"हो."

"मग?"

नायजेल क्रॅब्ट्रीनं आयुष्यात पहिल्यांदा थोडक्यात काही विचारलं. मी फोन ठेवला. मी त्या बाईचं मनगट मोडलं. ते असंच लिहायला हवं. ती पडली असं नाही.

शुक्रवार, २४ ऑक्टोबर

चकती घेऊन गेलो. दार उघडायला त्यांना वेळ लागला, डाव्या हाताला कडी जमत नाही. गालावरही एक काळानिळा डाग आहे, त्याबद्दल शमीम काही बोलली नव्हती.

काही न बोलता मशीन ओढलं, मागचा पत्रा काढला, चकती बसवली. चाळीस मिनिटं लागली. त्या खुर्चीवर बसून बघत होत्या. पाणी भरलं, बटण फिरवलं. घुर्रर्र, ठोका, घुर्रर्र.

"कुठे मिळाली?"

"माझ्याच घरी होती."

"किती दिवस?"

"वीस वर्षं."

त्यांनी मनात हिशेब केला. फार करावा लागला नाही. "म्हणजे त्या सोमवारीही होती."

"होती. त्या चिठ्ठ्या पाहिल्या आणि माझं डोकं फिरलं."

डचेस चालत होती. दोघंही ऐकत होतो. मग त्या म्हणाल्या, "तिघांना कबूल केलं, ते खरंय. माणसं यावीत म्हणून केलं. केकसाठी नाही, तुझे एकल्स केक तर कोरडे असतात. त्याबद्दल तुला काही म्हणायचंय?"

"नाही."

"मग तुझी चिठ्ठी काढ."

फटीत हात घालून काढली. चांगली चिकटली होती, नखानं खरवडावी लागली. कागद कुठे टाकावा कळेना, म्हणून खिशात ठेवला.

"आणि आता चहा कर. हात मोडलाय माझा."

केला. कडक झाला. त्यांनी तसं सांगितलंही.

सोमवार, २७ ऑक्टोबर

आठ वाजता पोहोचलो. कौन्सिलची बाई दहाला येणार होती. आधी पांढरे, मग रंगीत, मग कामाचे. मिसेस सटक्लिफ डाव्या हातानं बटणं फिरवत होत्या, उचलायचं काम मी करत होतो. मग म्हणाल्या, "दोरीवर तूच घाल."

या गल्लीत पुरुषानं दोरीवर कपडे घातलेले कुणाच्या ऐकिवात नाहीत. मी घातले. चादरी, उशांचे अभ्रे, आणि त्यांचे लांब लोकरी आतले कपडे, जे वाऱ्यानं फुगून माझ्या तोंडावर येत होते. समोर शमीमचा नवरा टोस्ट हातात घेऊन उभा राहिला. खिडकीतून सूचना येत होत्या: "शर्ट खालच्या टोकाला चिमटा लावून, डेस्मंड. वरून लावायला तो काय फाशी गेलाय?"

गिलियन पावणेदहाला आली. पन्नाशीची, नेटकी, दमलेली. वाईट बाई नाही, लेस्टरहून दर महिन्याला येते. मीच इतके दिवस तिला मनात भूत करून ठेवलं होतं. कौन्सिलची बाई आली, मिसेस ओकॉनर. मांडीवर कागदांचा गठ्ठा.

"मी सरळ बोलते," गिलियन म्हणाली. "मावशी धुणं धुताना पडली. एकोणनव्वद वय. आमचं ठरलं होतं, धुणं झेपेना की आश्रम. मला रोज धसका असतो हो. फोन वाजला की वाटतं, मावशीचंच काहीतरी."

मिसेस ओकॉनरनी लिहिलं. "धुणं धुताना पडल्या," त्या लिहिता लिहिता मोठ्यानं म्हणाल्या.

मिसेस सटक्लिफ माझ्याकडे बघत नव्हत्या. प्लास्टरवर दुसरा हात ठेवून समोरच्या भिंतीकडे बघत होत्या. मला उमगलं की त्या सांगणार नाहीत. शुक्रवारी त्यांना कळलं होतं, शनिवार-रविवार मध्ये गेले, भाचीला एक फोन केला असता तर सगळं माझ्यावर आलं असतं. त्यांनी केला नव्हता.

"असं नका लिहू," मी म्हटलं.

तिघी माझ्याकडे वळल्या. 

"धुणं त्यांना झेपत होतं. मशीन बंद पडलं होतं. ते मी चाळीस मिनिटांत दुरुस्त करू शकत होतो, भाग माझ्या घरात होता. मी सांगितलं, मिळत नाही. मला ते मशीन हवं होतं आणि दुसऱ्याला मिळणार म्हणून राग आला होता. मी खोटं बोललो म्हणून त्या टबात चादर धुवायला गेल्या. तेव्हा, त्या का पडल्या हे लिहायचं असेल तर माझं नाव लिहा. डेस्मंड ग्रीनवुड."

गिलियन उठून उभी राहिली. मग परत बसली. "मशीनसाठी?" एवढंच म्हणाली. "एका जुन्या मशीनसाठी?"

"हो."

मला वाटलं होतं माझ्याकडे याहून चांगलं उत्तर असेल.

 मिसेस ओकॉनर उठल्या, डचेसपाशी गेल्या, म्हणाल्या, "चालवून दाखवता?" मिसेस सटक्लिफनी डाव्या हातानं, न बघताच, तिन्ही बटणं फिरवली. घुर्रर्र सुरू झालं. मग त्या बाईंनी जिना पाहिला, न्हाणी पाहिली, गॅस पाहिला, खिडकीतून दोरी पाहिली. खाली येऊन म्हणाल्या, न्हाणीत आधाराचे दांडे बसवू. प्लास्टर निघेपर्यंत सहा आठवडे इथेच राहू देत, मग पुन्हा बघू. पण सोमवारच्या धुण्याला कुणीतरी यायलाच हवं, त्याचं नाव कागदावर हवं.

"मी लेस्टरहून कशी येऊ दर सोमवारी?" गिलियन म्हणाली.

"हा येईल," मिसेस सटक्लिफ म्हणाल्या.

गिलियननं माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेला मी पात्र होतो, म्हणून खाली पाहिलं नाही. शेवटी ती म्हणाली, "मावशी, तुझी खात्री आहे?"

"नाही. म्हणून तर सहा आठवडे."

मिसेस ओकॉनरनी नाव लिहिलं, पत्ता लिहिला, फोन लिहिला. मग पेन थांबलं. "आणि नातं? इथे रकाना आहे. शेजारी? मित्र?"

 उत्तर द्यायचा अधिकार माझ्याकडे उरलेला नव्हता.

"चोर लिहा," मिसेस सटक्लिफ म्हणाल्या. "आणि पुढे लिहा, दर सोमवारी येतो."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्यांनी दोन्ही लिहिलं आणि कागद माझ्याकडे सरकवला. मी खाली सही केली.